इग्वानाला पाणी कमी पडू नये म्हणून: वाटीपासून मूत्रपिंडापर्यंत

इग्वाना पाळणाऱ्याला "पाणी देता ना?" असं विचारलं की तो पिंजऱ्यातल्या वाटीकडे बोट दाखवतो. वाटी भरलेली असते, पाणी स्वच्छ असतं, आणि तरीही प्राणी आतून कोरडा पडत चाललेला असू शकतो. हिरवा इग्वाना हा मोठा सरडा मूळचा मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या दमट जंगलांतला. नदी-ओढ्यांवर झुकलेल्या झाडांवर तो उंच राहतो आणि धोका दिसला की फांदीवरून थेट पाण्यात उडी टाकतो. तिथे त्याला पाणी मिळतं ते मुख्यतः खाल्लेल्या पाल्यातून आणि पानांवर साचलेल्या थेंबांतून. भोवतालची ओलसर हवा ते पाणी अंगातून लवकर उडू देत नाही. आपल्याकडे पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये, एप्रिलच्या दुपारी, डोक्यावर तापलेला बल्ब आणि समोर वाटी, एवढ्यावर त्याचं भागत नाही.

म्हणून या लेखात वाटीचा नंबर बराच उशिरा येतो. आधी हवा, मग ताट, मग वाटी आणि आंघोळ, हा क्रम मी मुद्दाम ठेवला आहे. घरात नुकताच इग्वाना आला असेल तर याच क्रमाने कामाला लागा.

सुरुवातीलाच कायद्याचं सांगून टाकतो. हिरवा इग्वाना साइट्स कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव (संरक्षण) कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. कागदपत्रं नसलेलं पिल्लू कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. आणि "आमच्या गावाकडे शेतात इग्वाना सापडला" असं कुणी म्हणालं तर ती घोरपड असते. तिला घरी आणणं हा गुन्हा आहे.

मूत्रपिंड एवढं नाजूक का

पाण्याची हयगय इग्वानाला का महागात पडते हे एकदा कळलं की बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

आपल्याला पाणी कमी मिळालं की आपली मूत्रपिंडं लघवी दाट करतात आणि पाणी वाचवतात. सरपटणाऱ्या प्राण्यांना हे जमत नाही. रक्ताहून दाट लघवी त्यांची मूत्रपिंडं तयारच करू शकत नाहीत. मग शरीरातली नत्रयुक्त घाण ते युरिक ॲसिडच्या रूपात, पांढऱ्या लगद्यासारखी बाहेर टाकतात, कारण त्याला पाणी थोडं लागतं. थोडं म्हणजे शून्य नव्हे. तेवढंही मिळालं नाही की युरिक ॲसिड रक्तात साठत जातं, त्याचे स्फटिक मूत्रपिंडात, सांध्यांत, कधी हृदयाभोवतीच्या आवरणातही बसतात. यालाच गाउट म्हणतात. पाळीव इग्वानांमध्ये मूत्रपिंडाचे आजार फार आढळतात, आणि वाईट गोष्ट अशी की मूत्रपिंडाचा मोठा भाग निकामी होईपर्यंत प्राणी वरून ठणठणीत दिसतो. नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगणारा हा जीव पाचव्या-सहाव्या वर्षी अचानक "आजारी पडला" असं वाटतं, तेव्हा खरं तर कोरडेपणा पहिल्या उन्हाळ्यापासूनच साठत आलेला असतो.

त्यात प्रथिनांची भर पडली की काम तमाम. उकडलेलं अंडं, पनीर, कुत्र्याचं खाणं, किडे: हे सगळं "ताकद येते" म्हणून दिलं जातं. इग्वाना शुद्ध शाकाहारी आहे, पिल्लूसुद्धा. जास्त प्रथिनं म्हणजे जास्त युरिक ॲसिड, आणि ते वाहून न्यायला पाणी नाही. असं खाणं चालू असेल तर आजच बंद करा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यानंतर.

पायरी पहिली: पिंजऱ्यातली आर्द्रता मोजा

डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायची मीटरं, दोन घ्या. काट्याचे, गोल, स्वस्त मिळतात ते नकोत, ते बरेचदा एकाच आकड्यावर अडकून बसतात. एक मीटर ऊन घेण्याच्या फांदीच्या पातळीवर लावा पण बल्बच्या थेट झोतात नको, दुसरा खालच्या सावलीच्या कोपऱ्यात. दोन्हींच्या आकड्यांत फरक दिसेल आणि तसा तो असायलाच हवा. गरम हवेची पाणी धरून ठेवण्याची क्षमता जास्त असते, त्यामुळे तेवढीच वाफ असली तरी बल्बजवळ आर्द्रतेचा आकडा कमी येतो.

लक्ष्य ६५ ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. ऊन घेण्याच्या जागी ३५ ते ३८ अंश सेल्सियस, पिंजऱ्याच्या बाकी भागात २७ ते ३१, आणि रात्री २३-२४ च्या खाली शक्यतो नाही. पाण्याच्या लेखात तापमान कशाला, असं वाटेल. पण थंड पडलेल्या इग्वानाचं पचन थांबतं, त्याला तहान लागत नाही आणि दिलेलं पाणी नुसतं पोटात पडून राहतं. ऊब आणि पाणी ही जोडीच आहे.

आठवडाभर सकाळ, दुपार, रात्र आकडे वहीत लिहा. गावागावात चित्र फार वेगळं असतं. पुण्यात एप्रिल-मे मध्ये दुपारी बाहेरची आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर उतरते, नागपूर-अकोल्याकडे त्याहूनही खाली. मुंबई-रत्नागिरीकडे हवा बारा महिने दमट, त्यामुळे तिथले लोक निर्धास्त असतात, पण बेडरूममध्ये रात्रभर एसी चालू असेल तर पिंजऱ्यातलं मीटर बघून त्यांचेही डोळे उघडतात. एसी आधी हवेतलं पाणीच काढून घेतो.

पायरी दुसरी: हवा ओलसर ठेवा, पिंजरा कुबट होऊ देऊ नका

आपल्याकडे इग्वानाचे पिंजरे बहुतेक जाळीचे असतात, फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेले. हवा खेळती राहते, पण ओलावा टिकत नाही. सोपा उपाय म्हणजे तीन बाजूंना आणि वरच्या निम्म्या भागाला ॲक्रिलिकची शीट किंवा जाड पारदर्शक प्लास्टिक बांधायचं. समोरची बाजू आणि वरचा बल्बकडचा भाग उघडा. बल्बपासून प्लास्टिक चांगलं लांब ठेवा, वितळलं तर धूर पिंजऱ्यातच कोंडतो. यूव्हीबी (अतिनील किरण देणाऱ्या) ट्यूबच्या आणि प्राण्याच्या मध्ये मात्र काच किंवा प्लास्टिक येता कामा नये, कारण ते यूव्हीबी किरण अडवतं.

त्यानंतर फवारणी. कुंड्यांना पाणी मारायची प्रेशरची स्प्रे बाटली पुरते. फक्त ती नवी घ्या, कीटकनाशक भरलेली जुनी नाही. दिवसातून दोन-तीनदा, पहिली सकाळी बल्ब लावल्यावर तासाभराने. धुक्यासारखा बारीक फवारा पानांवर, पिंजऱ्याच्या भिंतींवर, फांद्यांवर आणि मग हलकेच प्राण्याच्या पाठीवर. तोंडावर थेट मारू नका, डोळे मिटून घेतो आणि पुढच्या वेळी बाटली दिसली की शेपूट उगारतो. दोन फवारण्यांच्या मध्ये सगळं कोरडं व्हायला हवं. चोवीस तास ओल्या फांदीवर बसलेल्या इग्वानाच्या पोटाखाली फोड येतात आणि ते चिघळतात.

ह्युमिडिफायर किंवा फॉगर वापरत असाल तर त्यात बोअरचं पाणी घालू नका. त्यातल्या क्षारांची पांढरी भुकटी हवेत उडते आणि पिंजऱ्यावर बसते. उकळून गार केलेलं पाणीही यासाठी उपयोगी नाही, त्यात क्षार तसेच राहतात. आरओचं चालेल. टाकी दर दोन-तीन दिवसांनी रिकामी करून धुवा.

विदर्भातल्या मंडळींकडे मात्र एक आयता उपाय आहे: कूलर. खस किंवा वुडवूलच्या ओल्या पडद्यांतून येणारी हवा खोलीची आर्द्रता सहज वाढवते, आणि ४५ अंशांच्या दिवसांत खोली थंड ठेवणं इग्वानासाठीही गरजेचं असतं. झोत पिंजऱ्यावर येऊ देऊ नका, विरुद्ध भिंतीकडे वळवा. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण धुऊन काढा. हा उपाय परदेशी मार्गदर्शकांत सहसा सापडणार नाही, पण हजारो रुपयांच्या यंत्रांपेक्षा मला तो जास्त भरवशाचा वाटतो.

पिल्लांसाठी एक ओली खोपी करून द्या. झाकणाचा प्लास्टिकचा डबा, बाजूला आत शिरता येईल एवढं भोक (कडा घासून गुळगुळीत करा), आत भिजवून घट्ट पिळलेला स्फॅग्नम मॉस (नर्सरीत मिळणारं, पाणी धरून ठेवणारं वाळलेलं शेवाळ). कोकोपीट सहज मिळतं, पण ते जिभेला चिकटून पोटात जातं, म्हणून लहान पिल्लांना मॉसच बरा. कात टाकायच्या दिवसांत मोठेही असल्या जागी जाऊन बसतात.

पायरी तिसरी: ताट

इथे जरा आकडेमोड करू. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर दिवसाची पाण्याची गरज साधारण किलोमागे १५ ते ३० मिलिलिटर धरतात. म्हणजे तीन किलोच्या इग्वानाला ४५ ते ९० मिलिलिटर. ताज्या पालेभाजीत ८५ ते ९० टक्के पाणीच असतं. त्याने दिवसभरात १०० ग्रॅम ताजा, टवटवीत पाला खाल्ला तर साधारण ८५ मिलिलिटर पाणी पोटात गेलं, वाटीकडे न बघताही. हाच पाला सकाळी आठला बल्बखाली ठेवला आणि तो अकराला सुकून गेल्यावर त्याने खाल्ला, तर हे गणित कोलमडतं.

म्हणून ताट बल्बपासून लांब, सावलीच्या बाजूला ठेवा. एकदम ढीग घालण्यापेक्षा सकाळी आणि दुपारी असं दोनदा द्या. पाला धुतल्यावर झटकू नका, पुसू तर अजिबात नका, थेंब निथळत असतानाच ताटात टाका. याहून चांगली युक्ती अशी: पाल्याची छोटी जुडी कपड्याच्या चिमट्याने त्याच्या आवडत्या फांदीजवळ टांगायची आणि तिच्यावर फवारा मारायचा. झाडावरचा पाला खावा तसा तो मान वर करून खातो, मधूनच पानाच्या टोकावरचा थेंब चाटतो.

आपल्या बाजारात आणि अंगणात यासाठी उत्तम माल मिळतो. शेवग्याचा पाला कॅल्शियमने भरलेला असतो. जास्वंदीची पानं आणि फुलं दोन्ही चालतात, आणि लाल फुलासाठी तर बहुतेक इग्वाना जागचे उठून येतात. तुतीची पानं, द्राक्षाच्या वेलीची कोवळी पानं (बागेतली फवारलेली नकोत), लाल भोपळा किसून, दुधी, फरसबी, भेंडी. पपई-आंब्याची एखादी फोड चवीपुरती. नर्सरीतून जास्वंद आणलीत तर तिची आहे ती पानं लगेच खायला घालू नका. मुळातून भिनणारी कीटकनाशकं धुऊन जात नाहीत. घरी काही महिने वाढू द्या आणि नवी फुटलेली पानं द्या.

पालक, माठ, चाकवत, आंबट चुका, अळू: या आपल्या लाडक्या पालेभाज्या इग्वानाच्या रोजच्या ताटात नकोत. त्यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. अळू तर तोंडालाही खाजतं, ते पूर्ण वर्ज्य. काकडीत ९५ टक्के पाणी म्हणून काही जण उन्हाळाभर काकडीच घालतात, पण तिच्यात पाण्याशिवाय फारसं काही नसतं. पाला खाल्ल्यावर वर दोन-तीन चकत्या ठीक.

पॅकेटातल्या पेलेट देत असाल तर त्या भिजवून, फुगवून द्या. कोरडं खाणं पोटात जाऊन उलट शरीरातलं पाणी ओढून घेतं.

पायरी चौथी: वाटी आणि थेंब

वाटी रुंद, जड आणि उथळ हवी, चिनीमातीची असेल तर उत्तम. ती पिंजऱ्याच्या तळाशी ठेवायची आपली सवय असते, पण झाडावर राहणारा प्राणी खाली उतरायला कां-कूं करतो. फळीवर, तो बसतो त्या उंचीला ठेवा. पाणी रोज बदला, वाटी साबणाने घासून धुवा. इग्वानाला पाण्यात शी करायची सवय असते, आणि तेच पाणी तो नंतर पितो. तसं दिसलं की वेळ-काळ न बघता पाणी बदलायचं. काही जण शीसाठी तळाशी वेगळा टब ठेवतात आणि वर पिण्याची वाटी. ही व्यवस्था बहुतेक घरांत चालते.

पाणी कुठलं? तुम्ही पिता ते. नळाचं, गाळलेलं, पावसाळ्यात गढूळ येत असेल तर उकळून गार केलेलं.

पिल्लांना वाटीतलं स्थिर पाणी पाणी म्हणून कळतच नाही असं अनेकदा दिसतं. हलणारा, चमकणारा थेंब मात्र लगेच कळतो. केमिस्टकडून सलाईनचा नवा सेट आणा, पाण्याची बाटली पिंजऱ्याच्या वर उलटी टांगा आणि नळीवरची चकती फिरवून सेकंदाला एखादा थेंब पानांवर पडेल असं करा. खाली भांडं ठेवा, नाहीतर फरशी भिजते. अर्धा तास सकाळी, अर्धा तास दुपारी. पहिल्या दिवशी तो नुसता बघत बसेल. मग जीभ बाहेर येते, पानाला लागते, आणि गळ्याखालची सैल कातडी लयीत हलायला लागते. म्हणजे तो पितोय. त्या वेळी हात आत घालू नका.

पायरी पाचवी: कोमट पाण्यातली आंघोळ

आंघोळीबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात: काही जण रोज घालतात, काहींना ती जुलूम वाटते. कोरड्या गावांत उन्हाळ्यात आणि कडक थंडीत आठवड्यातून दोन-तीनदा, दमट गावांत आठवड्यातून एकदा, आणि इग्वानाला ती मनापासून नको असेल तर अजिबात नाही, असं माझं मत आहे. बेडकासारखी इग्वानाची कातडी पाणी शोषून घेत नाही. आंघोळीचा फायदा होतो तो इतकाच की तो त्यात बसून पितो, त्याचं पोट साफ होतं आणि अडकलेली कात सुटते. यातलं काहीच होत नसेल आणि तो नुसता भिंतींवर नखं मारत असेल, तर त्यातून मिळतो तो फक्त ताण.

टब त्याच्यासाठीच वेगळा ठेवा. स्वयंपाकघरातलं सिंक, तुमची बादली, लहान मुलांचा टब यांपैकी काहीही नाही. इग्वानाच्या शीतून साल्मोनेला जंतू पसरतात, प्राणी स्वतः आजारी नसला तरी. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा म्हातारी माणसं असतील तर आंघोळीचं सगळं काम मोठ्या, धडधाकट माणसाने करावं आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

पाणी ३० ते ३२ अंश. थर्मामीटर नसेल तर मनगटाच्या आतल्या बाजूवर ओता, ना गार ना गरम लागलं पाहिजे. तुम्हाला "मस्त कोमट" वाटतं ते त्याला जास्त गरम असतं. खोली त्याच्या कोपरापर्यंत, म्हणजे चारी पाय टेकून डोकं आरामात वर राहील एवढी. तळाशी जुना टॉवेल अंथरा, पाय घसरले की तो घाबरतो.

वेळ सकाळी दहानंतरची, त्याने तासभर ऊन खाल्ल्यानंतरची. सोडल्यावर पहिली पाच मिनिटं तो डोकं वर करून नुसता बसतो. नंतर नाक पाण्याला टेकवतो, गळा हलायला लागतो. चांगला तहानलेला असेल तर दोन-तीन मिनिटं सलग पितो. मध्येच शी केली तर लगेच उचला, टब रिकामा करा, नवं पाणी घ्या. १५ ते २५ मिनिटं पुरे. तोपर्यंत तिथून हलायचं नाही, फोन वाजला तरी. अशक्त इग्वाना इतक्या उथळ पाण्यातही बुडू शकतो.

बाहेर काढल्यावर टॉवेलने टिपून घ्या आणि थेट बल्बखाली सोडा. संध्याकाळी सहानंतर आंघोळ नको. ओलं अंग घेऊन थंड रात्र काढली की छातीत कफ झालाच म्हणून समजा.

कात बोटांना, शेपटीच्या टोकाला किंवा पाठीवरच्या काट्यांना अंगठीसारखी अडकून राहिली असेल तर आंघोळीनंतर ओल्या बोटांनी हलकं चोळा. सुटली तर सुटली. ओढून काढलीत तर खालची नवी कातडी सोलते, आणि तशीच राहू दिलीत तर रक्तपुरवठा तुटून बोटाचं टोक काळं पडतं. दोन-चार आंघोळींत सुटली नाही तर डॉक्टरांकडे.

पायरी सहावी: रोजची शी बघा

हे काम कुणालाच आवडत नाही, पण इतकी खरी माहिती दुसरीकडे कुठेच मिळत नाही. इग्वानाच्या शीचे तीन भाग असतात. गडद तपकिरी-हिरवी घट्ट शी, पांढरा युरेटचा गोळा (वर सांगितलेला युरिक ॲसिडचा लगदा तो हाच), आणि भोवती पाण्यासारखी पातळ लघवी. युरेटवर नजर ठेवा. तो पांढराशुभ्र आणि भिजवलेल्या चुन्यासारखा मऊ असेल तर पाणी पुरतंय. पिवळट, दाट, चिमटीत घेतल्यावर रवाळ लागणारा असेल, आणि भोवतालची पातळ लघवी जवळजवळ नसेलच, तर पाणी कमी पडतंय. (चिमटीत हातमोजा घालूनच घ्यायचं.) आदल्या दिवशी जास्वंदीची फुलं किंवा पपई खाल्ली असेल तर रंग थोडा बदलतो, म्हणून एका दिवसावरून घाबरू नका. सलग तीन-चार दिवस पिवळा दिसला तर आर्द्रतेची वही उघडा. गडद पिवळा-केशरी किंवा हिरवा युरेट आणि जोडीला खाणं बंद, असं दिसलं तर वाट बघू नका.

काचेवर किंवा नाकपुड्यांभोवती पांढरी, खारट भुकटी दिसली तर दचकायचं कारण नाही. इग्वानाच्या नाकात क्षार बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, आणि तो शिंकून ते फेकतो. पाणी वाचवण्याची त्याची ही स्वतःची सोय. नाकातून चिकट, तार धरणारं किंवा बुडबुड्यांचं पाणी येत असेल तर तो वेगळा प्रकार, ते श्वसनाच्या संसर्गाचं लक्षण.

आठवड्यातून एकदा वजन करा. लहानांसाठी डिजिटल वजनकाटा, तो फक्त त्यांच्यासाठीच. मोठ्यांना उशीच्या अभ्र्यात घालून, मग अभ्र्याचं वजन वजा करून. खाणं तेच असताना वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर ती गंभीर बाब आहे.

कोरडा पडलाय हे कसं ओळखायचं

डोळे आत गेलेले, हे सगळ्यात खात्रीचं चिन्ह. तोंड उघडलं की जिभेपासून टाळूपर्यंत लाळेच्या चिकट तारा दिसतात. शेपटीचं मूळ, जिथे एरवी मांस भरलेलं असतं, तिथे हाडं हाताला लागतात. चाल मंद होते, बद्धकोष्ठ होतो, कात तुकड्यातुकड्यांत अडकते.

बगलेजवळची कातडी चिमटीत उचलून बघायची चाचणी सगळे सांगतात. माझा तिच्यावर फारसा विश्वास नाही. वयस्क इग्वानाची मानेजवळची आणि कुशीवरची कातडी मुळातच सैल, सुरकुतलेली असते, तिथे चिमूट हमखास उभी राहते. डोळे आणि युरेट यांवरून ठरवा.

सौम्य कोरडेपणा असेल, म्हणजे डोळे किंचित आत पण हालचाल चांगली आणि खाणं चालू, तर आधी ऊब द्या, तापमान बरोबर आहे ना बघा. मग दिवसातून एकदा आंघोळ, निथळता पाला, फवारणी वाढवा. दोन दिवसांत युरेट पांढरा व्हायला लागला पाहिजे.

अशा वेळी घरातली मंडळी हमखास सिरिंज शोधतात. तोंड उघडून आत पाणी सोडणं फार धोक्याचं आहे. श्वासनलिकेचं तोंड त्याच्या जिभेच्या मागेच असतं, पाणी सरळ फुफ्फुसात जातं. द्यायचंच असेल तर सिरिंजने नाकाच्या खाली, वरच्या ओठाच्या टोकावर एक थेंब ठेवा आणि त्याला चाटू द्या. चाटला तर दुसरा. चाटत नसेल तर थांबा. माणसांचं ओआरएस, ग्लुकोजची पावडर, नारळपाणी यांतलं काहीही आपल्या मनाने पाजू नका. बिघडलेल्या मूत्रपिंडावर जास्तीच्या पोटॅशियमचा मारा झाला तर हृदय थांबू शकतं.

तीन दिवस खाल्लं नाही, शी-युरेट काहीच नाही, डोळे खोल गेलेत, पाय थरथरतात किंवा सांधे सुजलेत: यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडे न्या. शेजारच्या कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांना आधी फोन करून विचारा, बरेच जण प्रामाणिकपणे दुसरं नाव सुचवतात. ते कातडीखाली किंवा पोटाच्या पोकळीत सलाईन देतील, रक्तातलं युरिक ॲसिड, कॅल्शियम आणि फॉस्फरस तपासतील. फॉस्फरस कॅल्शियमच्या वर गेला असेल तर मूत्रपिंडाकडे बोट जातं. जाताना आर्द्रतेची वही, वजनाचे आकडे आणि युरेटचे फोटो घेऊन जा, त्याने डॉक्टरांचा निम्मा वेळ वाचतो.

पावसाळा आणि माद्या

जून ते सप्टेंबर कोकणात आणि मुंबईत आर्द्रता ८०-९० च्या घरात असते. फवारणी बंद करा किंवा एकदाच, हवा खेळती ठेवा, प्लास्टिकच्या शीट काढून टाका. उरलेला पाला दुपारी उचला, बुरशी लवकर धरते. या दिवसांत पाण्यापेक्षा गारव्याची काळजी जास्त. वीज गेली की बल्ब बंद, म्हणून जाड रजई आणि गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून हाताशी असू द्या.

मादी नर नसतानाही अंडी घालते. अंडी भरल्यावर पोटात जागाच उरत नाही आणि ती काही आठवडे खाणं जवळजवळ सोडते. म्हणजे पाल्यातून मिळणारं पाणी बंद होतं आणि सगळा भार वाटी, थेंब आणि आंघोळीवर येतो. या काळात तिला रोज ताजं पाणी तोंडाजवळ मिळालं पाहिजे, आणि खणायला ओलसर मातीची पेटी. ती सुस्त पडली किंवा अंडी अर्धवट घालून थांबली तर तातडीने डॉक्टर.

गावाला जाताना

गणपतीत किंवा दिवाळीत चार दिवस घर बंद ठेवायचं असेल तर शेजाऱ्याला पाच कामं सांगू नका, तीनच सांगा. सकाळी वाटी धुऊन भरणं, निथळता पाला ठेवून फवारा मारणं, आणि शीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवणं. आंघोळ त्यांना सांगू नका. बल्ब टायमरवर लावून जा. पाला धुऊन, ओल्या सुती फडक्यात गुंडाळून, दिवसावार डबे करून फ्रीजमध्ये ठेवा आणि ताटात टाकण्याआधी अर्धा तास बाहेर काढायला सांगा. डॉक्टरांचा नंबर आणि "डोळे आत गेलेले दिसले तर माझ्या फोनची वाट न बघता घेऊन जा" ही ओळ पिंजऱ्याच्या दारावर चिकटवा.